हिवाळी साहसी खेळांसाठी प्रवास विमा घेताना नेमके काय तपासावे?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत मी, पत्नी, सतरा वर्षांची मुलगी आणि माझे एकाहत्तर वर्षांचे वडील असे चौघे स्वित्झर्लंडला जाणार आहोत. चार दिवस एंगेलबर्ग आणि पाच दिवस झरमॅट असा बेत आहे. मुलीने गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगचा चौदा दिवसांचा वर्ग पूर्ण केला आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नाही. झरमॅटला एक दिवस गाईड घेऊन आखलेल्या उतारांच्या बाहेर, ताज्या बर्फात जायचे हे तिने परस्पर ठरवूनही टाकले आहे. मी नवशिक्यांच्या उतारावर पडत-उठत शिकणार आहे, पत्नी फक्त बर्फावरच्या घसरगाडीत बसणार आहे आणि बाबा खाली उन्हात कॉफी पिणार आहेत.

व्हिसाचे काम पाहणाऱ्या एजंटने पन्नास हजार डॉलरची पॉलिसी पुढे केली. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, ते त्यात बसते. स्कीइंगचे विचारल्यावर "सगळं कव्हर आहे साहेब, निर्धास्त जा," असे उत्तर मिळाले. रात्री पॉलिसीची संपूर्ण नियमावली उतरवून घेतली, तेव्हा एकतिसाव्या पानावर वगळलेल्या बाबींमध्ये "साहसी अथवा धोकादायक खेळांतील सहभागामुळे झालेली इजा" अशी एक ओळ सापडली. हे खेळ कोणते, याची यादी मात्र शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही.

मग आणखी तीन पॉलिस्या वाचल्या. एकीत जास्तीचा हप्ता भरून साहसी खेळ समाविष्ट होतात, पण "प्रशिक्षित व्यावसायिकाच्या देखरेखीखाली" अशी अट आहे. दुसरीत स्कीइंग स्पष्ट लिहिलेले आहे आणि आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग तितक्याच स्पष्टपणे वगळलेले आहे. तिसरीत ३,००० मीटर उंचीची मर्यादा आहे. ज्यांनी अशा पॉलिस्या घेतल्या आहेत, किंवा ज्यांच्यावर त्या वापरण्याची वेळ आली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गुडघेदुखी

वापरण्याची वेळ आली होती, म्हणून लिहितो. माझे टोपणनाव त्यानंतरचेच आहे.

तीन हिवाळ्यांपूर्वी ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात, दिवसाच्या शेवटच्या फेरीत आणि अगदी सपाट म्हणावे अशा उतारावर माझी डावी स्की ओल्या बर्फात रुतली. शरीर पुढे गेले, पाय मागेच राहिला आणि गुडघ्यातून ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. उतारावरच्या बचाव पथकाने मला घसरगाडीत बांधून खाली आणले. तिथल्या दवाखान्यात एमआरआय झाला आणि पुढचे क्रूशिएट लिगामेंट तुटल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टर म्हणाले की शस्त्रक्रिया इथे परवा करता येईल, किंवा सूज उतरल्यावर तुमच्या गावी करता येईल.

मी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे सांगितले की प्रवास विमा हा तातडीच्या उपचारांसाठी असतो, आपली प्रकृती स्थिर आहे, आपण प्रवास करू शकता आणि त्यामुळे शस्त्रक्रिया यात बसत नाही. तेव्हा मला संताप आला, पण नंतर पॉलिसी वाचली तर त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर होते. तपासण्या, गुडघ्याचा पट्टा, कुबड्या आणि दवाखान्याचे बिल एवढे मिळाले. पाय लांब ठेवता यावा म्हणून परतीच्या विमानात घेतलेल्या जास्तीच्या जागेचे पैसे मिळाले नाहीत, कारण ती गरज असल्याचे तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घेण्याचे मला सुचले नव्हते.

शस्त्रक्रिया पुण्यात, माझ्या नेहमीच्या आरोग्य विम्यातून झाली. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की निघण्याआधी घरचा आरोग्य विमा चालू आहे ना, हेही पाहून घ्या. खरा मोठा खर्च अनेकदा परतल्यावरच होतो.

दुसरी गोष्ट कागदांची. बचाव पथकाकडे अपघाताचा एक छोटा अहवाल असतो. त्यात वेळ, उताराचा क्रमांक आणि बर्फाची स्थिती लिहिलेली असते. तो मी मागितला नाही आणि कंपनीने पहिल्याच पत्रात तोच मागितला. तो ई-मेलवरून मिळवायला मला तीन आठवडे लागले. बिले जर्मनमध्ये होती आणि त्यांच्या भाषांतराचा खर्चही माझ्याच खिशातून गेला.

कलमबहाद्दर

मी सव्वीस वर्षे सामान्य विम्याच्या दावे विभागात काम केले आणि आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी एकतिसावे पान गाठले, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. दावा नाकारला गेल्यावर भांडायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिले पानही उलटलेले नसायचे.

लोक विम्याची रक्कम पाहतात. पन्नास हजार डॉलर की पाच लाख, याची तुलना करतात. रक्कम महत्त्वाची आहेच, आणि स्वित्झर्लंडसाठी पन्नास हजार मला अपुरे वाटतात, निदान अडीच लाख तरी घ्यावेत. पण माझ्या टेबलावर आलेले दावे रकमेपायी अडले नाहीत. ते अडले व्याख्यांपायी: अपघाताच्या क्षणी तुम्ही कुठे होता, कोणाबरोबर होता आणि मदत कोणी बोलावली.

आधी 'कुठे' पाहू. आखलेला उतार, ज्याला तिकडे पिस्ट म्हणतात, त्याच्या कडेला खांब रोवलेले असतात आणि खांबांच्या पलीकडचे सारे ऑफ-पिस्ट. वाचताना असे वाटते की ऑफ-पिस्ट म्हणजे कुठेतरी दूरच्या कड्यावर जाणे. प्रत्यक्षात ते चार हातांवर असते. फॉर्म्युला वनचे विश्वविजेते मायकेल शूमाकर यांना २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे डोक्याला गंभीर इजा झाली, ती दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या, न आखलेल्या खडकाळ पट्ट्यात. हेल्मेट होते, शेजारी गर्दीचे उतार होते, तरीही विम्याच्या भाषेत ती जागा ऑफ-पिस्टच. तुमची मुलगी गाईडशिवायही, मैत्रिणीला टाळण्यासाठी किंवा फोटोसाठी, खांबांच्या पलीकडे दहा फूट जाऊ शकते. ज्या पॉलिसीत ऑफ-पिस्ट सरसकट वगळले आहे, ती तिच्यासाठी घेऊच नका.

काही पॉलिस्यांमध्ये ऑफ-पिस्ट चालते, पण 'पात्र गाईडसोबत' किंवा 'स्थानिक इशाऱ्याच्या विरोधात नसेल तर' अशी जोड असते. गाईडच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय पर्वत मार्गदर्शक महासंघाचे प्रमाणपत्र असलेला गाईड घ्यावा आणि पावतीवर त्याचे नाव व दिनांक येईल असे पाहावे. इशाऱ्याचे कलम जास्त निसरडे आहे. हिमस्खलनाच्या धोक्याची युरोपीय मोजपट्टी एक ते पाच अशी आहे. तीन म्हणजे 'लक्षणीय' धोका. तीन असताना उतारांबाहेर गेलेला माणूस इशाऱ्याच्या विरोधात गेला असे म्हणायचे का? माझ्या मते नाही, कारण ती बंदी नव्हे. परंतु बंद फाटक किंवा दोरी ओलांडून गेला असेल, तर कोणतीही कंपनी त्याच्याकडे पाहणार नाही. ही शंका पॉलिसी घेण्यापूर्वी लेखी विचारा.

आता 'प्रशिक्षित व्यावसायिकाच्या देखरेखीखाली' ही अट. आपल्याकडच्या प्रवास पॉलिस्यांमध्ये ती बरीच आढळते. शब्दशः घेतली तर सकाळी दोन तास शिक्षकाबरोबर असताना तुम्ही विम्यात आहात आणि दुपारी एकटे सराव करताना विम्याबाहेर. पाऊलखूण, तुम्ही स्वतः शिकाऊ आहात, म्हणजे तुमचे पडणे बहुधा दुपारीच होणार.

शेवटी 'मदत कोणी बोलावली'. पुष्कळ पॉलिस्यांमध्ये असे कलम असते की रुग्णाला हलवण्याची व्यवस्था कंपनीच्या मदत केंद्राने केली किंवा तिला आधी मंजुरी दिली, तरच खर्च मिळेल. डोंगरात असे घडत नाही. बचाव पथकातला माणूस वॉकी-टॉकीवर बोलतो आणि पंधरा-वीस मिनिटांत हेलिकॉप्टर डोक्यावर येते, तेव्हा मुंबईतल्या मदत केंद्राचा फोन कोण लावत बसणार? 'जिवाला धोका असताना नंतर कळवले तरी चालेल' असा अपवाद लिहिलेला आहे का, ते शोधा. आणि 'वैद्यकीय स्थलांतर' म्हणजे 'शोध व बचाव' नव्हे, हेही लक्षात घ्या. तुमच्या मुलीला साधे खरचटलेही नाही, पण धुक्यात ती कड्यावर अडकली आणि हेलिकॉप्टरने उचलावी लागली, तर ते बिल वैद्यकीय नाही. शोध व बचाव असे वेगळे शब्द पॉलिसीत नसतील, तर ते तुम्हीच भराल.

आल्प्सवासी

कलमबहाद्दरांच्या प्रतिसादाला दहा पैकी दहा. मी बर्नजवळ चौदा वर्षे राहतो, त्यामुळे इकडच्या व्यवहाराची थोडी भर घालतो.

आपल्याकडून येणाऱ्यांना वाटते की बचाव ही सरकारी सेवा असेल. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरून घसरगाडीने खाली आणण्याचेही बिल येते आणि ते काही शे फ्रँकांचे असते. हेलिकॉप्टरचे बिल काही हजार फ्रँकांचे असते. देशाच्या मोठ्या भागात रेगा ही १९५२ साली सुरू झालेली ना-नफा संस्था हेलिकॉप्टर चालवते, तिचा क्रमांक १४१४. झरमॅट मात्र व्हॅले प्रांतात येते. तिथे हे काम मुख्यतः एअर झरमॅट आणि एअर-ग्लेशिअर्स करतात आणि क्रमांक १४४ लावायचा असतो. रेगाला वार्षिक देणगी देऊन सदस्य होता येते म्हणून आमचे काही पाहुणे तेवढ्यावरच निश्चिंत होतात. ते सदस्यत्व म्हणजे विमा नव्हे. दुसरे कोणी भरत नसेल तर रेगा खर्च माफ करू शकते, पण त्यावर हक्क सांगता येत नाही.

आता झरमॅटची एक गंमत, जी पॉलिसी घेताना कोणाच्याच लक्षात येत नाही. तिथून तुम्ही स्कीवरून थेट इटलीत, चेर्विनियाला उतरता. बर्फावर सीमारेषा दिसत नाही, पासपोर्ट कोणी विचारत नाही, पण कायदा बदलतो. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून आखलेल्या उतारांवर स्कीइंग करणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा दायित्व विमा असणे सक्तीचे आहे. नसेल तर १०० ते १५० युरो दंड होतो आणि स्की पास काढून घेतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेटही सर्व वयांना सक्तीचे आहे, आधी ते अठरा वर्षांखालील मुलांपुरते होते. तुमच्या भारतीय पॉलिसीत 'वैयक्तिक दायित्व' असेल, पण त्यातून खेळांमुळे होणारे दायित्व वगळलेले नाही ना, ते पाहा. वगळलेले असेल तर स्की पास घेताना काही युरो जास्त भरून तेवढ्या दिवसांपुरता विमा मिळतो, तो घ्या.

दायित्वाला कमी लेखू नका. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यातला एक असा, की मागून, म्हणजे वरून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडावा की पुढच्याला धोका होणार नाही. आल्प्समधली न्यायालये टक्कर झाल्यावर याच नियमांवर बोट ठेवतात. तुम्ही एखाद्या स्विस दंतवैद्याच्या मनगटावर जाऊन आदळलात, तर त्याच्या उपचारांबरोबरच बुडालेली कमाईही तुमच्या नावावर लागू शकते.

झरमॅटमध्ये पिवळ्या खांबांच्या वाटाही आहेत. त्या नकाशावर छापलेल्या असतात, हिमस्खलनापासून सुरक्षित केलेल्या असतात, पण त्यांवर यंत्र फिरवून बर्फ दाबलेला नसतो आणि संध्याकाळी पथक शेवटची फेरी मारत नाही. या पिस्ट की ऑफ-पिस्ट? मी एका कंपनीला विचारले तर उत्तर आले की "नकाशावर असेल तर चालेल", आणि दुसरीने लिहिले की "दाबलेला नसेल तर चालणार नाही".

रोखठोक

हे सगळे वाचून वाटते की विमा म्हणजे भरलेले पैसे परत न देण्याची कला आहे. मी पाच वेळा युरोपला गेलो, दर वेळी व्हिसापुरती सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली आणि काहीही झाले नाही. हेल्मेट घालावे, जपून खेळावे आणि उरलेल्या पैशांचे चीज खावे.

कलमबहाद्दर

रोखठोक, पाच वेळा काही झाले नाही याचा आनंद आहे. व्हिसापुरती पॉलिसी ही व्हिसापुरतीच असते. दूतावास त्यात ३०,००० युरो, शेंगेन क्षेत्र आणि प्रवासाचे दिवस एवढेच पाहतो. तुम्ही तिकडे संग्रहालय पाहणार की कड्यावरून उडी मारणार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आणि पैसे न देण्याच्या कलेविषयी बोलायचे तर कंपनीने अन्यायाने नाकारले असेल तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. तिथे लोकांच्या बाजूने निकाल लागलेले मी पाहिले आहेत, तेही आमच्याच कंपनीविरुद्ध, आणि त्यातले काही मला मनातून योग्यच वाटले होते.

लंडनची_चिमणी

इंग्लंडमधून एक छोटी नोंद. इकडच्या पॉलिस्यांमध्ये खेळांची नावानिशी यादी असते आणि बर्फावरची घसरगाडीसुद्धा त्यात वेगळी लिहिलेली असते. वर्षभराच्या पॉलिसीत हिवाळी खेळांना बहुधा सतरा किंवा एकवीस दिवसांचीच मुभा असते, हे माझ्या दिराला बाविसाव्या दिवशी कळले. मात्र या पॉलिस्या ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठीच असतात. इकडच्या नातेवाइकांनी "मी काढून देतो" म्हटले तरी भारतातून निघणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये, कारण राहण्याचे ठिकाण चुकीचे लिहिलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी टिकत नाही.

पाऊलखूण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चेर्विनियाची गोष्ट तर स्वप्नातही आली नसती.

दोन शंका आहेत. ती ३,००० मीटरची मर्यादा किती गांभीर्याने घ्यावी? आणि बाबांना रक्तदाब आहे, रक्त पातळ ठेवण्याची गोळीही चालू आहे. ते खेळणार नाहीत, मग त्यांच्यासाठी एजंटची स्वस्त पॉलिसी चालेल का?

आल्प्सवासी

उंचीचे सांगतो. एंगेलबर्गहून टिट्लिसला जाणारी केबल कार ३,०२० मीटरवर सोडते. झरमॅटहून गोर्नरग्राटची रेल्वे ३,०८९ मीटरवर जाते आणि ग्लेशिअर पॅराडाइजचे वरचे स्थानक ३,८८३ मीटरवर आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी, पायात स्की नसतानाही, तुम्ही रेषेच्या वर. काही पॉलिस्यांमध्ये ही मर्यादा फक्त गिर्यारोहण आणि पदभ्रमणाला असते, काहींत सरसकट सगळ्याला असते. सरसकट असेल तर झरमॅटसाठी ती पॉलिसी निरुपयोगी आहे.

हाडवैद्य_नाशिक

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मुलीची काळजी सगळे करत आहेत, पण माझ्या मते या प्रवासात सर्वाधिक धोका बाबांना आहे.

फेब्रुवारीत झरमॅटच्या गल्ल्यांमध्ये दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी काचेसारखे गोठते. एकाहत्तराव्या वर्षी अशा रस्त्यावर एक पाय सटकला तर खुब्याचे हाड मोडते. आणि खुब्याचा अस्थिभंग गुडघेदुखींच्या लिगामेंटसारखा भारतात येईपर्यंत थांबवता येत नाही, शस्त्रक्रिया तिथेच एक-दोन दिवसांत करावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे ती आणखी किचकट होते. त्यामुळे रकमेचा विचार करायचा झाल्यास घरातली सर्वांत मोठी रक्कम बाबांच्या नावावर हवी. पुष्कळ पॉलिस्यांमध्ये साठीपुढच्यांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता यांच्या वेगवेगळ्या पोटमर्यादा असतात, त्यामुळे वरवर मोठी दिसणारी रक्कम आत तुकड्यांत विभागलेली असते. पोटमर्यादा नसलेली पॉलिसी शोधा. रक्तदाब आणि गोळी अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता वाढला तरी लिहा. बुटांच्या तळांना लावायचे रबरी खिळेपट्टे मिळतात, तेही घ्या. ते कोणत्याही विम्यापेक्षा स्वस्त पडतात.

बाकी, स्कीइंगमध्ये गुडघा आणि अंगठा, तर स्नोबोर्डवर मनगट हे नेहमीचे. प्लास्टर घातल्यावर पहिल्या ४८ तासांत विमानात बसायचे असेल, तर सूज वाढून रक्ताभिसरण अडू नये म्हणून विमान कंपन्या प्लास्टर उभे चिरून घ्यायला सांगतात. परतीची तारीख पुढे ढकलण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हा प्रश्न इथे येतो.

बर्फीताई

धाग्याच्या विषयाला थोडा फाटा फोडते, पण मंडळींनी उत्तर द्यावे. आमचा आठ जणींचा गट जानेवारीत गुलमर्गला जाणार आहे. तिथे व्हिसा नाही, त्यामुळे विम्याचा विषयच कोणी काढत नाही. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो आणि त्यापुढचा बराचसा उतार आल्प्ससारखा आखलेला नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथेच झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले होते. आमच्या आरोग्य विम्यात असे अपघात येतात का?

कलमबहाद्दर

बर्फीताई, हा फाटा नाही, मूळ रस्ताच आहे. आपल्या देशातल्या आरोग्य विम्यातून काय वगळायचे, त्याची शब्दरचना विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिली आहे. त्यातला नववा अपवाद धोकादायक किंवा साहसी खेळांचा आहे. बहुतेक लोक, आणि माझ्या अनुभवात काही एजंटसुद्धा, तो अर्धाच वाचतात. पूर्ण वाक्यात "व्यावसायिक म्हणून" भाग घेतल्यामुळे लागणारे उपचार वगळलेले आहेत. तुम्ही हौसेने गेलात, मानधन किंवा बक्षिसासाठी खेळत नसाल, तर रुग्णालयातला खर्च या अपवादात बसत नाही. गुडघेदुखींची पुण्यातली शस्त्रक्रिया याच कारणाने मंजूर झाली असणार.

मात्र आरोग्य विमा रुग्णालयाच्या दारापासून पुढे सुरू होतो. अफरवाटवरून खाली आणणे, तिथून श्रीनगर आणि श्रीनगरहून मुंबई, हा खर्च त्यात फारसा येत नाही. रुग्णवाहिकेची रक्कम असते, पण ती शहरातल्या अंतरासाठी ठरवलेली असते. अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाची वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी असते. तिच्यातले खेळांचे कलम प्रत्येक कंपनीचे निराळे असते आणि अनेकदा कडक असते. आठ जणींनी आपापली पॉलिसी उघडून ते एक कलम वाचावे. बर्फावरची मोटरगाडी, म्हणजे स्नोमोबाइल चालवणार असाल, तर तो आणखी वेगळा मामला आहे. मोटर लागली की दायित्वाची कलमे बहुधा हात वर करतात.

पाऊलखूण

मंडळी, आम्ही परत आलो, म्हणून हिशेब देतो.

निघण्यापूर्वी मी तीन कंपन्यांना एकच ई-मेल पाठवला. त्यात विचारले होते की गाईडसोबतचे ऑफ-पिस्ट आणि झरमॅटच्या पिवळ्या खांबांच्या वाटा समाविष्ट आहेत का, शिक्षक सोबत नसताना आखलेल्या उतारावर झालेली इजा समाविष्ट आहे का, आणि स्थानिक पथकाने बोलावलेल्या हेलिकॉप्टरचा खर्च आपल्या पूर्वमंजुरीशिवाय मिळेल का. एका कंपनीने उत्तर दिले नाही. दुसरीने "कृपया पॉलिसीची नियमावली पाहावी" असे लिहिले, जी पाहूनच मी प्रश्न विचारले होते. तिसरीने मुद्देसूद उत्तर दिले. गाईडसोबत ऑफ-पिस्ट चालेल, पिवळ्या वाटा चालतील, शिक्षकाची अट नाही आणि हेलिकॉप्टरबाबत २४ तासांत कळवणे पुरेसे आहे. तीच घेतली. हप्ता एजंटच्या पॉलिसीच्या जवळपास तिप्पट पडला. बाबांची पॉलिसी वेगळ्या कंपनीची, पोटमर्यादा नसलेली घेतली. ते ई-मेल छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवले होते.

मुलीचा गाईडबरोबरचा दिवस ठरला होता त्या दिवशी धोक्याची पातळी चार झाली. डावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात दिवसातून दोनदा अंदाज प्रसिद्ध करते. आदल्या संध्याकाळी पाच वाजताचा अंदाज पाहून गाईडने स्वतःच फोन केला आणि दोन दिवसांनी जाऊ म्हणाला. दोन दिवसांनी ती गेली, कमरेएवढ्या बर्फात चार तास घसरून आली आणि जेवताना ताटावरच झोपली. चेर्विनियाला गेलो तेव्हा दायित्व विमा स्की पासबरोबरच घेतला होता. कोणी विचारला नाही.

बाबा रबरी खिळेपट्टे घालून पाचही दिवस गावभर हिंडले आणि एकदाही घसरले नाहीत. पडली ती पत्नी. एंगेलबर्गला घसरगाडी वळणावर उलटली आणि उजवे मनगट सुजले. आमच्या पॉलिसीच्या यादीत घसरगाडी आहे की नाही, हे पाहायचे मात्र मी साफ विसरलो होतो. दवाखान्याच्या बाकावर, तिचे मनगट बर्फाच्या पिशवीत असताना, मोबाइलवर ती यादी उघडून पाहिली. ती यादीत होती. क्ष-किरण काढला, हाड शाबूत निघाले आणि बिल आमच्या शंभर डॉलरच्या वजावटीच्या, म्हणजे दाव्यात स्वतःच भरायच्या रकमेच्या, जरासे वर गेले. वरची रक्कम इतकी किरकोळ आहे की दावा करावा की सोडून द्यावे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. पत्नीचे म्हणणे आहे की करावाच, कारण एकतिसावे पान तिने नव्हे, मी वाचले होते.